अवघड असणं वेगळं, पिडणं वेगळं: अलीकडच्या कुठल्या गेमने नेमकी कुठे माती खाल्ली?

अर्धवट_सेव्ह:
मंडळी, सिल्कसाँग हा गेम सोडलाय सध्या. लास्ट जज नावाच्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी. आणि ज्याला सांगावं तो एकच उत्तर देतो, बाबा रे तुला जमत नाहीये, सराव कर. पण माझी तक्रार बॉसबद्दल नाहीचे! बॉस कडक आहे, साखळीला लावलेलं पेटतं धुपाटणं गरगर फिरवत अंगावर येतो, चाली वाचता येतात, मेलो तर का मेलो ते कळतं. वैताग आहे तो मेल्यानंतरचा. पुन्हा बाकड्यापासून (जिथे शेवटचं सेव्ह झालं तिथून) सुरुवात, पुन्हा तोच वारा, त्याच उड्या, तेच टोकदार तोंडाचे उडते किडे, आणि बॉसपर्यंत पोचेस्तोवर एखाददोन मास्क (जीव मास्कमध्ये मोजतात) आधीच गेलेले. म्हणजे ज्याचा सराव करायचाय ते वाट्याला येतं थोडंसं आणि जे आधीच येतंय तेच परत परत करत बसायचं. याला अवघड म्हणायचं का?

२०१९ ला घोषणा झाली तेव्हापासून डोळे लावून बसलो होतो, ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा स्टीमसकट सगळी ऑनलाइन स्टोअर्स आडवी झाली, त्या गर्दीत मीपण होतो. म्हणजे हेटर वगैरे नाहीये मी.

तर प्रश्न असा की गेल्या दोन-तीन वर्षांतला तुम्हाला आवडलेला (हो, आवडलेलाच, नावडत्याला काय कोणीही शिव्या घालेल) गेम सांगा ज्याने एखाद्या ठिकाणी माती खाल्ली. आरपीजी, शूटर, स्ट्रॅटेजी, कोडी, काहीही चालेल. फक्त 'ग्राफिक्स जबरदस्त, म्युझिक अप्रतिम, ९/१०' छाप नको, ते ढिगाने मिळतं.

बाकडं_कुठाय:
रनबॅकवर (मेल्यावर बॉसपर्यंत परत पळत जाणं) असहमत. हॉर्नेटचं, म्हणजे आपल्या नायिकेचं, पळणं-उडणं हाच तर गेम आहे, तो रस्ता एकदा हातात बसला की किड्यांना हात न लावता तुम्ही सुसाट जाता आणि मग बॉसपाशी हात गरम झालेले असतात. आणि बाकड्यांवरून आठवलं, हंटर्स मार्च नावाच्या भागात एक बाकडं आहे, जीव मुठीत धरून तिथवर पोचायचं, हुश्श करून बसायचं आणि बसल्या बसल्या ते बाकडंच सापळा निघतं. मी पाच मिनिटं हसत होतो. असला हलकटपणा मला चालतो, कारण जवळपास लपवलेला खटका शोधला की तो बंद करता येतो, म्हणजे गेम तुम्हाला फसवतो पण वाऱ्यावर सोडत नाही.

माझी तक्रार वेगळीये आणि ती साध्या वजाबाकीची आहे. सुरुवातीला मास्क ५. बहुतेक बॉस एका फटक्यात २ घेतात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. आता तुम्ही सगळीकडे शोधून शोधून मास्कचे ४ तुकडे जमवले, झाले ६ मास्क. कितव्या फटक्याला मरणार? तिसऱ्याच! एवढी वणवण करून त्या २ वाल्या बॉससमोर हाती आलं शून्य. पुढचा मास्क मिळेपर्यंत त्या बक्षिसाला अर्थ नाही. यात कौशल्याचा काय संबंध? पहिल्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) सुरुवातीचे एकदोन बॉस थोडे मऊ केले त्यांनी, पण मुळात हे गणितच असं मांडलंय की शोधाशोध करणाऱ्याला बराच काळ काही मिळाल्यासारखं वाटत नाही. याउलट बाइंड (जखम भरायची चाल) केल्यावर एकदम ३ मास्क परत येतात ते मस्तच, त्यामुळे लढाई चढ-उताराची होते.

जाता जाता, जजला टाळता येतं बरं का. सिनर्स रोडवरून धुक्यातून जाणारा एक आडवाटेचा रस्ता आहे, तिकडून पण सिटाडेल (जजच्या पलीकडचा भाग) गाठता येतं. तिथे फँटम नावाचा बॉस आहे, पॅरी (वार नेमक्या वेळी अडवणं) आवडत असेल तर तो जजपेक्षा सुंदर आहे. रस्ता मात्र जजच्या रस्त्यापेक्षा घाण आहे, नंतर मला बोलायचं नाही.

अर्धवट_सेव्ह:
५ आणि ६ चं डोक्यातच आलं नव्हतं राव. आता जास्तच चिडचिड झाली. थँक्यू (?)

सेक्रेटवर_स्वार:
मी उलट्या बाजूची तक्रार घेऊन आलोय. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स. पीसीवर कसा चालतो यावर आख्खं जग बोलून झालंय, फेब्रुवारी २०२५ ला आला, पहिल्या महिन्यात १ कोटी प्रती गेल्या आणि स्टीमवर परफॉर्मन्सवरून बोंबाबोंब, ते सोडून देऊ.

मी बोलतोय त्या सेक्रेट पक्ष्याबद्दल, ज्याच्यावर बसून फिरायचं. आधीच्या गेममध्ये प्राणी शोधायला लागायचा. पावलांचे ठसे, ओरखडे, मग नकाशा पाठ व्हायचा, इथून खाली उडी मारली की तो झोपायला जातो त्या गुहेत निघतो वगैरे. आता एक बटण दाबलं की सेक्रेट स्वतःच पळत प्राण्यापाशी नेऊन सोडतो. मला शिकारीची जागाच आठवत नाही कुठली! वाळवंट, जंगल, सगळं इतकं मेहनतीने बनवलंय, हवामान बदललं की आख्खा नकाशा बदलतो, आणि मी काय करतोय तर पक्षी पळतोय तोवर फोन बघतोय. सगळी कटकट काढून टाकली की काय उरतं ते बघायचं असेल तर हा गेम बघा. लढाई भारी आहे, फोकस मोडमध्ये जखमेवर नेम धरून मारायला मजा येते, पण जखमा इतक्या पटापट होतात आणि प्राणी इतका वेळा कोलमडतो की शेवटी शेवटी मला त्याचीच दया यायला लागली.

म्हणून धागाकर्त्याला म्हणेन की रनबॅक काढा काढा म्हणू नका, काढतील आणि मग असं होईल.

पॅरी_चुकला:
क्लेर ऑब्स्क्युर, एक्स्पिडिशन ३३. माझा २०२५ चा सगळ्यात आवडता, गेम अवॉर्ड्समध्येही वर्षाचा सर्वोत्कृष्ट तोच ठरला, आणि तरी मला त्याच्यावर बोलायचंय कारण ह्याच्याबद्दल कोणी वाईट बोलायलाच तयार नाही, बोललं की लोक अंगावर येतात.

एक म्हणजे शत्रू. टर्नबेस्ड (आळीपाळीने वार करायचे) असून शत्रूच्या टर्नला तुम्ही पॅरी करायचं ही कल्पना भन्नाट, एका साखळीतले सगळे वार अडवले की जो उलटा फटका बसतो त्यावेळचा आवाज आणि कॅमेरा, अहाहा. पण पॅरीचा वेळ चुकवायला शत्रू काय करतात तर हात वर नेतात आणि थांबतात. थांबतात म्हणजे थांबतातच. मग झटकन मारतात. पहिल्यांदा ठीक, पण दर दुसरा शत्रू हेच नाटक करायला लागला की तुम्ही हालचाल बघणं सोडून देता आणि आवाजावर बटण दाबता. इतकी सुंदर ॲनिमेशनं आणि मी जवळजवळ डोळे मिटून खेळतोय.

आणि दुसरं, जे खरं दुखणं आहे, तिसरा अंक. (कथा फोडत नाही, घाबरू नका.) तोवर एका फटक्याची मर्यादा ९,९९९. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक पिक्टो (पात्राला लावायची खास शक्ती) मिळतो ज्याने ती मर्यादा उठते. मग गेम म्हणतो जा आता जग मोकळं आहे, कुठेही फीर. शहाणा माणूस काय करेल? फिरेल! सगळे कोपरे बघेल, लपलेले बॉस मारेल, आणि मग शेवटच्या लढाईला जाईल. आणि ती लढाई, जिच्यासाठी दोन अंक रडवलंय, जिचं संगीत ऐकून काटा येतो, ती आपल्या माएल या पात्राच्या दोन-तीन चालींत आटपते. तिचा स्टेंडाल नावाचा वार पॅचमध्ये चांगलाच कापला तरी फरक पडत नाही. बॉसला त्याचं भाषण पूर्ण करायला मिळत नाही हो! ज्यांनी गेमवर जास्त प्रेम केलं त्यांनाच शेवट फुसका मिळतो आणि जे घाईघाईत सरळ गेले त्यांना खरा शेवट मिळतो. नंतर पॅचमध्ये बॉसचं बळ वाढवायचे पर्याय दिले म्हणे, पण पहिल्यांदा खेळतानाचं गेलं ते गेलंच ना.

नकाशा नाही हे मला आवडलं उलट. दिव्यांच्या मागे जायचं. पण समुद्रकिनाऱ्यावरचे ते जेस्ट्रल जमातीचे उड्या मारायचे खेळ, ते कोणी मंजूर केले ते एकदा सांगा.

बाकडं_कुठाय:
@पॅरी_चुकला थांबण्याबद्दल +१. एल्डन रिंगच्या मार्गिटपासून हे खूळ आलंय, काठी वर नेतो आणि जेवढा वेळ तो हवेत थांबतो तेवढ्यात आपण दोनदा लोळून उठतो. तिथे मला चाललं कारण तिथे पळायला जागा असते, मागे सरकून बघता येतं. ३३ मध्ये तुम्ही एका जागी उभे, बघण्याशिवाय काही करू शकत नाही, त्यामुळे तीच युक्ती तिथे चिडवल्यासारखी वाटते.

लोडिंग_स्क्रीन:
स्टारफील्ड, अवकाशात फिरायचा गेम. आवडला होता, खरंच, जहाज बनवण्यात माझ्या रात्री गेल्यात. जुना झाला म्हणाल तर २०२३ चा आहे, धाग्याच्या नियमात बसतो.

१,००० च्या वर ग्रह आहेत हे सगळ्यांना माहितीये आणि बरेचसे रिकामे आहेत हेही. रिकामं असण्याला माझी हरकत नाही, अवकाश रिकामंच असतं. पण शक्ती मिळवायची देवळं आठवतात का? ग्रहावर उतरा, स्कॅनर घेऊन चाला, देऊळ सापडेल, आत शिरा, गुरुत्वाकर्षण जातं, मध्ये मोठाली कडी फिरतायत, तरंगत तरंगत चमकणाऱ्या ठिपक्यांमधून जायचं, मग कडीतून आत, बाहेर आलं की एक पहारेकरी. पहिल्यांदा मी तोंड उघडं टाकून बघत होतो. मग दुसऱ्या देवळात तेच. तिसऱ्यात तेच. दोन डझन शक्ती, दोन डझन देवळं आणि आत सगळीकडे तेच ठिपके तीच कडी! एक कोडं वेगळं नाही, एक भिंत वेगळी नाही. आणि वरून न्यू गेम प्लसमध्ये (गेम संपवून पुन्हा पहिल्यापासून) परत जा म्हणजे शक्ती वाढतील.

यात अवघड काहीच नाही, लहान पोर पण करेल. म्हणून मला धागाकर्त्याचा मुद्दा पटतो, रनबॅक असो की देऊळ, ज्यात शिकायचं काही उरलेलं नाही ते परत करायला लावलं की मला राग येतो. सेक्रेटवर_स्वार, तुमचं ठसे शोधणं वेगळं होतं कारण त्यात दरवेळी नकाशा थोडा जास्त कळत होता.

सेक्रेटवर_स्वार:
हे मान्य. फरक तिथे आहे खरा.

नुसतं_फुटबॉल:
इथे सगळे बॉस मारणारेच जमलेत. ईए एफसी खेळणाऱ्यांचं कोणी ऐकणार आहे का? दरवर्षी सप्टेंबरात नवा, अल्टिमेट टीममध्ये (पॅक फोडून खेळाडू जमवायचा मोड) वर्षभर घासून जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाही, परत पहिल्यापासून पॅक फोडा. मारामारीचा गेम नाही म्हणून कोणी याला ग्राइंड म्हणत नाही, एवढंच. एफसी २६ मध्ये एक गोष्ट चांगली केली, ऑनलाइनवाल्यांसाठी 'कॉम्पिटिटिव्ह' आणि करिअर मोडवाल्यांसाठी 'ऑथेंटिक' अशी खेळण्याची दोन वेगळी वळणं दिली. दुसऱ्यात खेळ सावकाश होतो, मिडफिल्डला काहीतरी काम राहतं. हे आधीच्या वर्षांत का सुचलं नाही देव जाणे.

अजून_एकच_टर्न:
सिव्हिलायझेशन ७, म्हणजे संस्कृती वाढवत न्यायचा स्ट्रॅटेजी गेम. आता हा आवडलेल्यात धरायचा का यावर मनात दुमत आहे पण तास भरपूर घातलेत त्यामुळे आवडला असावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यावेळी खेळ तीन युगांत तोडलाय, प्राचीन, शोधयुग, आधुनिक, आणि दर युगाला तुमची संस्कृती बदलते. नेता तोच, संस्कृती नवी. यावरून फार धुरळा उडाला, रोमन लोक मधेच दुसरेच कोणी होतात म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्रास झाला तो युग संपतानाच्या घडीचा. समजा तुम्ही शेजाऱ्याच्या राजधानीला वेढा घातलाय. तटबंदी पडायला आलीये. वर युगाचा टक्का भरत चाललाय, ९६, ९८, आणि धाडकन युग संपलं. पुढच्या युगात डोळे उघडता तर युद्धच नाही! सैन्य आपोआप घरी, शहरांची परत गावं झालेली, शेजारी नमस्कार करून उभा. मी हरलो असतो तर चाललं असतं, इथे मी हरलो पण नाही आणि जिंकलो पण नाही, कोणीतरी मधेच पट उचलून नेला.

हेतू कळतो. जुन्या सिव्हमध्ये अर्ध्या खेळातच कोण जिंकणार ते कळायचं आणि उरलेला वेळ नुसतं नेक्स्ट टर्न दाबत बसायचं, बरेच जण खेळ पूर्णच करायचे नाहीत. त्यावर इलाज म्हणून सगळ्यांना परत एका रेषेवर आणायचं. पण मग पहिल्या युगात मी रक्त आटवून जी आघाडी घेतली तिचं काय? हळूहळू लोक शहाणे होतात, युग संपायला आलं की नवीन काही सुरूच करत नाहीत. म्हणजे पूर्वी शेवटचा भाग कंटाळवाणा होता, आता प्रत्येक युगाचा शेवट कंटाळवाणा. एकाचे तीन झाले!

नंतरच्या अपडेटमध्ये सैन्य जागच्या जागी ठेवायचा पर्याय दिलाय, त्याने बरंच सुसह्य झालं. आणि लाँचला 'वन मोअर टर्न'चं (खेळ संपल्यावरही पुढे खेळत राहायचं) बटणच नव्हतं. सिव्हमध्ये. माझं इथलं नाव बघा आणि मला कसं वाटलं असेल ते समजून घ्या.

दोघांचा_सोफा:
सिव्हवाले काका 😂

आम्ही दोघं फक्त को-ऑप, म्हणजे मिळून खेळायचे गेम खेळतो. स्प्लिट फिक्शन संपवला. एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याला फुकट खेळता येतो, ही पद्धत सगळ्यांनी उचलावी. दर थोड्या वेळाने खेळायची तऱ्हाच बदलते, एका साइड स्टोरीत तर तुम्ही दोघं डुकरं असता, मजेत बागडता, आणि शेवटी थेट यंत्रात जाऊन सॉसेज होता, मग सॉसेज होऊनच पुढे खेळायचं. ही फिदीफिदी हसत होती आणि मी हादरलेलो.

मेलात तर क्षणात तिथेच परत उभे, रनबॅक शून्य. पण त्यामुळे मरणाचं काही वाटतच नाही, शेवटच्या बॉसलाही दोघांपैकी एक जण जिवंत राहिला की पुरे, कळ दाबत बसा. कथेतली खलनायकी कंपनी तर इतकी पुठ्ठ्याची की पहिल्या पाच मिनिटांत शेवट कळतो. तरी घ्या. जोडीदार गेमर नसेल तर आधी थोडा सराव करून घ्या, कॅमेरा फिरवणं आणि उडी मारणं एकाच वेळी ज्याला येत नाही त्याला मधला भाग जड जातो आणि त्यावरून होणाऱ्या भांडणांना डेव्हलपर जबाबदार नाही.

रात्रपाळी:
एल्डन रिंग नाइटरेनचं कोणी कसं काढलं नाही? मे २०२५ ला आला तेव्हा एकट्याने खेळा नाहीतर तिघांनी. दोघांची सोयच नाही! आम्ही दोघं मित्र, तिसरा अनोळखी, आणि तो दरवेळी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पळणार. दोघांचा मोड नंतर पॅचने दिला, तोवर आमच्या एका मित्राचं मन उडालं होतं. ज्या गेममध्ये दिवस संपत आला की वर्तुळ आवळत येतं, तिथे बोलता न येणारा तिसरा माणूस हाच खरा बॉस.

आणि सगळे अवघडपणावर एवढं भांडताय तर डूम द डार्क एजेसकडे बघा. त्यात पॅरीची खिडकी किती मोठी, शत्रूचा मार किती, खेळाचा वेग किती, हे सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर सरकवता येतं. मी मार वाढवला आणि पॅरी सोपी ठेवली, ढालीने हिरवे गोळे परत फेकायला जाम मजा, पण चुकलं तर मेलोच. माझ्या मनासारखा अवघड. असं सगळ्यांनी द्यायला काय जातं?

बाकडं_कुठाय:
@रात्रपाळी जातं ना. पट्ट्या दिल्या की कुठे अडलं की माणूस आधी मेनू उघडतो, खेळ नंतर. सिल्कसाँगमध्ये मी ग्रेमूर नावाच्या भागात अडकलो तेव्हा रागारागाने भलतीकडे गेलो आणि तिथे रीपर क्रेस्ट (लढायची तऱ्हा बदलणारं चिन्ह) मिळाला, त्याने खाली मारायची चाल एवढी सोपी झाली की पुढचा गेमच बदलला. पट्टी असती तर मी तिकडे गेलोच नसतो.

रात्रपाळी:
तू गेलास. धागाकर्त्याने गेम सोडला. दहातले किती जण भलतीकडे जातात आणि किती जण अनइन्स्टॉल करतात? शिवाय पट्टी आहे म्हणून तुला हात लावायची सक्ती कोणी केलीये.

बाकडं_कुठाय:
समोर असली की हात जातोच. माझा तरी जातो. ह.घ्या.

खोली_४६:
कोड्यांच्या गेमचं कोणी बोललं नाही म्हणून ब्लू प्रिन्स. ५ गुणिले ९ चा वाड्याचा आराखडा, रोज नवा डाव, दार उघडलं की तीन खोल्यांमधून एक निवडायची आणि हळूहळू ४६ वी खोली गाठायची. हातात सुरुवातीला ५० पावलं, खोलीत शिरलं की एक कमी. दिवस संपला की वाडा पुसला जातो. पहिले काही दिवस माझ्या वहीत बाण, चिठ्ठ्यांचे तुकडे, बुद्धिबळाच्या सोंगट्यांची चित्रं, काय नाही ते भरलं होतं, इतकी मजा कुठल्याच कोडे-गेममध्ये आली नव्हती.

पण मग एक वेळ येते की उत्तर तुम्हाला माहीत असतं. बॉयलर रूम लागते, प्रयोगशाळा लागते, आणि वाफ पोचवायला दोघींच्या मधल्या खोल्याही जोडणाऱ्या लागतात. हे डोक्यात पक्कं आहे. आता फक्त त्या खोल्या यायला हव्यात. आणि त्या येत नाहीत. किंवा बॉयलर येते तर दाराची तोंडं भलतीकडे. मग दिवस संपवा, परत ५० पावलं, परत तीच दारं उघडण्याची ॲनिमेशनं. कोडं सोडवणाऱ्याला सोडवल्यावर थांबवून ठेवायचं हे कुठलं शास्त्र?

लोडिंग_स्क्रीन:
@खोली_४६ पण यात तर दरवेळी पत्ते वेगळे येतात ना? देवळांसारखं तेच ते नाही. आणि एक धागा अडला तर दुसरा पकडायचा, मी तर एकावेळी पाच-सहा गोष्टींच्या मागे असायचो, बॉयलर नाही आली तर नाही आली, तिजोरीचं बघू आज.

खोली_४६:
@लोडिंग_स्क्रीन तुम्ही ४६ व्या खोलीपर्यंतचं बोलताय, तिथवर शंभर टक्के सहमत. त्यानंतर खेळलात का? तिथे धागे कमी कमी होत एक-दोनच उरतात, आणि तेव्हा पत्ते वेगळे येण्याचा काही उपयोग नाही कारण मला एकच पत्ता हवा असतो. फासे वळवायची साधनं देतात, मान्य, पण ती मिळायलाही फासेच. शिवाय बरीच कोडी इंग्रजी अक्षरांवर आणि शब्दांच्या कोट्यांवर चालतात, त्यामुळे ज्याचं इंग्रजी कामापुरतं आहे त्याने घेण्याआधी विचार करा, हे कुठल्याच रिव्ह्यूत सांगत नाहीत.

लोडिंग_स्क्रीन:
नाही, क्रेडिट्स आल्यावर थांबलो मी. त्यापुढेही आहे?

खोली_४६:
क्रेडिट्स म्हणजे प्रस्तावना समजा. वही टाकून दिली नसेल तर परत काढा, पहिल्या दिवशीच्या खोल्यांमधली चित्रं जोडीजोडीने बघा. याहून जास्त सांगणार नाही.